सही कशावर घ्यायची? एका स्वतंत्र मराठी मंडळीच्या विश्वासांगीकाराचं आणि नियमावलीचं प्रकरण

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका औद्योगिक शहरातली ही ख्रिस्ती मंडळी. (विश्वासांगीकार म्हणजे मंडळी काय मानते याचं ठरावीक शब्दांतलं निवेदन.) तिचं नाव, गाव आणि माणसांच्या ओळखीच्या खुणा इथे गाळल्या किंवा बदलल्या आहेत. मी धार्मिक न्यासांची कामं करणारा वकील आहे, त्या मंडळीचा सभासद नाही. २०२१च्या शेवटी त्यांनी मला ट्रस्टचे कागद बघायला बोलावलं आणि पुढची जवळजवळ दोन वर्षं मी त्यांच्या बैठकांना बसलो. तिथली माणसं मला जवळची झाली, त्यामुळे हे लिहिताना मी तटस्थ आहे असा दावा करत नाही.

पार्श्वभूमी

१९९०च्या आसपास नगर, बीड, जालना भागांतून कारखान्यात नोकरीला आलेली सात-आठ ख्रिस्ती कुटुंबं एका चाळीतल्या खोलीत उपासनेला जमू लागली. कोणी जुन्या मिशनच्या मंडळीतले, कोणी पेंटेकॉस्टल सभांमधून आलेले, काही पहिल्या पिढीचे विश्वासी. त्यांचे पास्टर स्वतः फिटर होते. पाळी संपली की सायकलवरून घरोघर प्रार्थनेला जायचे. १९९४ साली न्यास नोंदवला, पुढे चार गुंठे जागा घेतली, पत्र्याचं सभागृह उभं राहिलं. न्यासपत्रात उद्देश एका ओळीचा: ख्रिस्ती धर्माप्रमाणे उपासना व प्रसार. आम्ही नेमकं काय मानतो, सभासद कोण, पाळक (पास्टर) कोण नेमणार, यावर अक्षरही नाही.

हे विसरून राहिलं नव्हतं, मुद्दाम ठेवलं होतं. जुने पास्टर व्यासपीठावरून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उंच धरायचे आणि म्हणायचे, “हीच आपली घटना.” लोकांना ते मनापासून पटायचं. त्यातल्या बऱ्याच जणांनी मोठ्या चर्चमधले जमिनीचे दावे, कमिट्यांच्या निवडणुका, कोर्टाच्या तारखा जवळून पाहिल्या होत्या. कागद वाढले की भांडणं वाढतात, हा त्यांचा अनुभव होता.

२०१९ साली पास्टर गेले. मी काम हाती घेतल्यावर त्यांच्या पत्नीने, सगळे त्यांना मम्मी म्हणतात, एक लांबट निळी वही माझ्यासमोर ठेवली. पंचवीस वर्षांच्या नोंदी, एकाच अक्षरात. अमक्याला दारूपायी तीन महिने प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी) नाही. लहान बाळांना बाप्तिस्मा नाही, फक्त अर्पणाची प्रार्थना. दुसरा घरोबा केलेल्या भावाला बाप्तिस्मा द्यावा, पण वडीलपद देऊ नये. ही वही मंडळीत कोणी पाहिली नव्हती, मंडळीच्या वडिलांनीसुद्धा नाही. (वडील म्हणजे इथे वयाने नव्हे, पदाने.) ज्या मंडळीत लिखित नियम नाही असं सगळे अभिमानाने सांगत होते, तिची नियमावली स्वयंपाकघरातल्या फळीवर होती आणि ती एकाच माणसाला ठाऊक होती. तो माणूस प्रेमळ आणि प्रामाणिक होता, म्हणून ते निभावलं.

अडचण

नवे पास्टर तिशीतले, सेमिनरीत शिकून आलेले. २०२१च्या उन्हाळ्यात एका घरगुती शिबिराला बाहेरचे एक प्रचारक आले. त्यांची शिकवण अशी की देव एकच, येशू हेच त्याचं नाव. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही तीन व्यक्तित्वं नाहीत. म्हणून पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला बाप्तिस्मा खरा नाही, तो येशूच्या नावाने पुन्हा घ्यायला हवा. जूनमध्ये एका शेततळ्यावर मंडळीतल्या १९ जणांनी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. त्यांत गायन चालवणारे चौघे होते.

पास्टरांनी चौघांना गायनावरून थांबवलं. चौघांचा प्रश्न साधा होता: “कुठं लिहिलंय?” पास्टरांनी मत्तय २८:१९ उघडलं (पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा), त्यांनी प्रेषितांची कृत्ये २:३८ उघडलं (येशूच्या नावाने). दोन्ही वचनं एकाच पुस्तकातली. “हीच आपली घटना” हे वाक्य दोन्ही बाजू एकमेकांना ऐकवत होत्या.

मग सभागृहात दोन उपासना सुरू झाल्या, सकाळी आठला एक आणि साडेदहाला दुसरी. प्रभुभोजनाचे पेले ठेवलेल्या लोखंडी कपाटाला पास्टरांच्या बाजूने कुलूप लावलं, चार दिवसांत दुसऱ्या बाजूने त्याच कडीत आपलं कुलूप अडकवलं. एक पितळी, एक स्टीलचं. दोन्ही किल्ल्या एका वेळी हजर असल्याशिवाय कपाट उघडणार नाही, आणि दोन्ही बाजू एका वेळी हजर होईनात. पुढे बराच काळ त्या मंडळीत प्रभुभोजन झालं नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मम्मींनी मला आधी ते कपाट दाखवलं, कागद नंतर.

कागदांची स्थिती याहून बिकट. पाच विश्वस्तांपैकी दोघे वारलेले, आणि धर्मादाय आयुक्तांकडे ९० दिवसांत द्यायचा बदल अहवाल दोन्ही वेळा दिलेलाच नाही. सभासदांची यादी नाही. उद्या दोन्ही गट जागेवर हक्क सांगत गेले असते, तर मूळ मंडळी कोणती हे ठरवायला कुणाकडेही काही नव्हतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय: काहीच लिहू नये. उपास-प्रार्थना करावी, शास्त्र पुरेसं आहे. ही बाजू एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांनी मांडली. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू यहुदी शास्त्र्यांना सुनावतो की देवाची आज्ञा सोडून तुम्ही माणसांचा संप्रदाय धरता. गुरुजी तिथून सुरुवात करायचे. मग पंडिता रमाबाईंवर यायचे. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या बाईंना पुढच्या दोन वर्षांत त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) आणि ख्रिस्ताचं देवत्व यांवर चर्चची शिकवण जशीच्या तशी मान्य करण्याचा आग्रह झाला. त्यांनी कळवलं की इथल्या पुरोहितांचं जोखड मी मोठ्या कष्टाने उतरवलंय, तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही. पुढे त्यांचा विश्वास त्यांच्या स्वतःच्या वाटेने दृढ झाला, केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं, संपूर्ण शास्त्राचं मराठी भाषांतर त्यांनी मूळ भाषांवरून केलं. गुरुजी म्हणायचे, “त्या वेळी बाईंकडून सही मागून, ती नाही म्हणून त्यांना बाहेर काढलं असतं, तर काय गमावलं असतं बघा.”

गुरुजींच्या विरोधामागे एक जखमही होती. त्यांची बहीण दुसऱ्या एका गावच्या मंडळीत होती. ती वारली तेव्हा वर्गणी तीन वर्षांची थकलेली म्हणून दफनभूमीत जागा नाकारली. नियम छापलेला होता, कलम क्रमांकासकट. मंडळीच्या सेक्रेटरीने ते पुस्तक घरच्यांसमोर धरलं. पैसे भरून होईपर्यंत संध्याकाळ झाली. “ते पिवळं पुस्तक माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही,” एवढंच ते म्हणाले. बैठकीत बराच वेळ कोणी बोललं नाही.

दुसरा पर्याय: एखाद्या मोठ्या चर्चमध्ये सामील व्हावं. उत्तर भारत चर्चचं, म्हणजे सीएनआयचं नाव आलं. १९७० साली नागपुरात सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन ते झालं. त्यात बालकांचा बाप्तिस्मा आणि प्रौढांचा बाप्तिस्मा दोन्ही मान्य आहेत, आणि प्रेषितांचा व निकियाचा असे दोन प्राचीन विश्वासांगीकार स्वीकारलेले आहेत. पण स्वतःच्या घामाने घेतलेली जागा दुसऱ्या संस्थेच्या नावावर जाईल ही धास्ती होती. या पर्यायावर एकच बैठक झाली.

तिसरा पर्याय नव्या पास्टरांचा: तयार विश्वासांगीकार घ्यावा. त्यांनी १६४६चा वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार सुचवला. ३३ प्रकरणं. पास्टरांना तो मनापासून प्रिय आहे आणि त्यात खोली आहे हे मीही मानतो. पण कारखान्यात बारा तास घालवून आलेल्या माणसाने ३३ प्रकरणं मान्य करून सही करायची म्हणजे न वाचता सही करायची. सतराव्या शतकातल्या इंग्लंडचे वादही त्यासोबत घरात येणार होते.

चौथा पर्याय: थोडक्यात, स्वतः, मराठीत लिहावं.

इथे मी दोन दाखले दिले. पहिला इशाऱ्यासाठी. स्कॉटलंडच्या फ्री चर्चमधले बहुसंख्य लोक १९०० साली दुसऱ्या चर्चशी एक झाले, मूठभर मागे राहिले. मालमत्तेचा दावा हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे, गेला आणि १९०४ साली निकाल मूठभरांच्या बाजूने लागला, कारण मूळ तत्त्वं त्यांनी सोडली नव्हती. एवढा पसारा त्यांच्याने सांभाळवेना. शेवटी १९०५ साली पार्लमेंटने कायदा करून वाटणी केली. लिहायचं असेल तर दुरुस्ती कशी करायची तेही लिहा, नाहीतर आजचे कागद उद्याच्या मंडळीला बांधून ठेवतील, एवढं मला त्यातून सांगायचं होतं.

दुसरा दाखला त्यांच्याच भांडणाचा. असेंब्लीज ऑफ गॉड हे पेंटेकॉस्टल मंडळ १९१४ साली अमेरिकेत हॉट स्प्रिंग्ज इथे स्थापन झालं, तेव्हा शास्त्राशिवाय दुसरा विश्वासांगीकार नको असंच ठरलं होतं. दोन वर्षांत नेमका हाच येशूच्या नावाच्या बाप्तिस्म्याचा आणि त्रैक्याचा वाद उठला. १९१६ साली सेंट लुईसला त्यांना मूलभूत सत्यांचं निवेदन लिहावंच लागलं आणि शंभरावर सेवक बाहेर पडले. हा दाखला मी अर्धाच सांगितला. त्याबद्दल पुढे.

काय केलं

सात जणांची समिती नेमली. पहिल्या यादीत सातही पुरुष होते. मम्मींनी भर सभेत विचारलं, “रविवारी बाकांवर निम्म्याहून जास्त कोण बसतं?” यादी बदलली, दोन बहिणी आल्या. नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांतला एक जण घ्यायचं आधीच ठरलं होतं. गुरुजींना विरोधक म्हणून आग्रहाने घेतलं, आणि या सगळ्या प्रकरणातला तोच सर्वांत चांगला निर्णय होता असं मला वाटतं.

दर बुधवारी संध्याकाळी सगळ्या मंडळीसमोर प्रेषितांचा विश्वासांगीकार एकेक ओळ घेऊन वाचायचा, असं ठरलं. पहिल्या बुधवारी मागच्या बाकावरच्या एक आजी उभ्या राहिल्या आणि अख्खा विश्वासांगीकार, एकही शब्द न अडखळता, तोंडपाठ म्हणून बसल्या. लहानपणी मिशनच्या शाळेत पाठ झालेला. या मंडळीत तीस वर्षं त्यांनी तो कधी म्हटला नव्हता, कारण कोणी म्हणायला लावला नव्हता. “तो अधोलोकात उतरला” या शब्दांवर दोन बुधवार गेले. “सार्वत्रिक मंडळी” म्हणजे कॅथलिक चर्च नव्हे, सगळ्या काळांतले आणि देशांतले विश्वासी, हे समजावण्यात एक.

खरा प्रश्न निकियाचा होता. ३२५ साली निकियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिक इथे, एरियस या धर्मगुरूच्या शिकवणीवर विचार करायला बिशप जमले. पुत्र निर्माण केलेला आहे असं एरियस म्हणायचा आणि आधाराला शास्त्रच काढायचा: नीतिसूत्रे ८:२२, “पिता माझ्यापेक्षा थोर आहे”. त्याचे लोक प्रत्येक शास्त्रवचन आपल्या अर्थाने मान्य करत गेले. म्हणून परिषदेने पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, या अर्थाचा होमोऊसिओस हा शब्द घातला. तो शब्द शास्त्रात नाही, आणि ही हरकत तेव्हाही घेतली गेली होती. हे ऐकून गायनातला एक तरुण म्हणाला, “म्हणजे शास्त्राचा अर्थ राखायला शास्त्राबाहेरचा शब्द लागला.” तो पुन्हा बाप्तिस्मा घेतलेल्यांपैकी होता. त्याला उत्तर पटलं नव्हतं, पण त्या दिवसापासून “कुठं लिहिलंय” हा वाद थांबला आणि “याचा अर्थ काय” हा सुरू झाला.

विश्वासाचं निवेदन शेवटी एका पानाचं झालं: प्रेषितांचा विश्वासांगीकार जसाच्या तसा, त्रैक्यावर चार वाक्यं, शास्त्राच्या अधिकारावर एक, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजनावर तीन. वर पहिली ओळ: हे सर्व पवित्र शास्त्राच्या अधीन आहे आणि शास्त्राशी विसंगत आढळल्यास मंडळी ते दुरुस्त करील.

नियमावलीचा पहिला मसुदा मात्र ६४ कलमांचा आला. मंगळसूत्र घालावं की नाही, शेजाऱ्यांचा दिवाळीचा फराळ खावा की नाही, सिनेमा, केस, लग्नातला बँड, सगळं त्यात होतं. लिहिणारे दुष्ट नव्हते. प्रत्येक कलमामागे कधीतरी झालेलं एक भांडण होतं आणि ते कायमचं मिटावं एवढीच इच्छा होती. गुरुजींनी प्रेषितांच्या कृत्यांचा पंधरावा अध्याय काढला. यरुशलेममध्ये प्रेषित बसले, एवढा मोठा वाद झाला आणि शेवटी परराष्ट्रीयांना, म्हणजे यहुदी नसलेल्या विश्वासींना, पत्र गेलं ते चार गोष्टींचं. “आपण ६० जास्तीच्या कशा काय शोधल्या?” मग प्रत्येक कलमाला एकच प्रश्न लावला: हे नसेल तर मंडळीचं एकत्र काम अडतं का? मंगळसूत्राने काम अडत नाही. दोन सह्यांशिवाय बँकेतून पैसे निघाले तर अडतं.

२१ कलमं उरली. सभासद नोंदवही, वार्षिक सभा, हिशेब तपासणी, पाळकाचे नातेवाईक खजिनदार नसावेत, पाळकाची नेमणूक कोणी करायची. पाळकावरचा आरोप तीमथ्याच्या पहिल्या पत्रातल्या पाचव्या अध्यायाप्रमाणे दोन-तीन साक्षीदारांवाचून घ्यायचा नाही, पण साक्षीदार असले तर दाबायचाही नाही. दुरुस्तीला दोन सभा आणि दोनतृतीयांश मतं, विश्वासाच्या निवेदनाला तीनचतुर्थांश. एकोणिसावं कलम गुरुजींनी स्वतःच्या हाताने लिहिलं: वर्गणी, शिस्त किंवा मतभेद या कोणत्याही कारणाने कुणाचंही दफन नाकारता येणार नाही.

२०२३च्या मार्चमध्ये दोन्ही कागद सभेने मंजूर केले. बदल अहवाल दाखल झाले. आणि मग समितीने ठरवलं की सभासदत्वासाठी प्रत्येकाने दोन्ही कागदांवर इस्टरपर्यंत सही करावी. या ठरावावर चर्चा झाली ती पंधरा-वीस मिनिटं, चहा यायच्या आधी. मी तिथे होतो आणि मी काही बोललो नाही.

निष्पत्ती

प्रौढ सभासद १६३. सही केली १३८ जणांनी. पुन्हा बाप्तिस्मा घेतलेल्या १९ पैकी ८ राहिले आणि त्यांनी सही केली, उरलेले ११ बाहेर पडले आणि आता एका घरात जमतात. जागेवर त्यांनी हक्क सांगितला नाही. जाताना त्यांनी आपल्या कुलपाची किल्ली पास्टरांच्या हातात दिली. इस्टरला कपाट उघडलं, पेले धुतले, प्रभुभोजन झालं. बरेच जण रडले.

उरले १४. त्यांत गुरुजी.

नियमावलीवर त्यांनी पहिल्याच दिवशी सही केली. विश्वासाच्या निवेदनावर केली नाही. त्यातलं प्रत्येक वाक्य मी मानतो, असं त्यांनी पास्टरांना सांगितलं. पण प्रभूच्या घरात राहण्यासाठी माणसांनी लिहिलेल्या विश्वासावर सही ही अट मी मानणार नाही, कारण उद्या एखादी रमाबाई दारात येईल. उरलेल्या १३ जणांत बहुतेक वयस्कर बाया होत्या. काहींना वाचता येत नव्हतं आणि न वाचलेल्या कागदावर अंगठा द्यायची भीती वाटत होती. त्यांना कोणी बसून वाचून दाखवलं नाही. त्या अजून रविवारी येतात, अर्पण देतात, पण त्यांना मत नाही. ज्या मंडळीच्या नियमावलीचा आत्मा गुरुजींनी घडवला, तिच्या वार्षिक सभेत ते हात वर करू शकत नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

लिहिण्याचा निर्णय बरोबर होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. न लिहिलेला विश्वासांगीकार प्रत्येक मंडळीत असतो, निळ्या वहीत किंवा कुणाच्या तरी मनात, आणि त्याला दुरुस्ती सुचवता येत नाही, कारण तो दिसतच नाही. पण आम्ही दोन वेगळ्या कागदांना एकच वागणूक दिली.

नियमावली हा आपसातला करार आहे. पैसा, मतदान, तक्रार यांचे नियम मान्य आहेत, यावर सही घेणं योग्यच. विश्वासांगीकार हा करार नाही. तो आजींनी जसा उभं राहून म्हटला तसा म्हणायचा असतो. माझ्या बालपणीच्या नगरकडच्या मंडळ्यांना जिचं वळण होतं ती अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल (प्रत्येक मंडळी स्वतंत्र मानणाऱ्या) परंपरेची, आणि त्या परंपरेत विश्वासाच्या निवेदनाला साक्ष म्हणतात, कसोटी म्हणत नाहीत. हे मला माहीत असून मी त्या पंधरा मिनिटांत बोललो नाही. १९१६च्या ज्या निवेदनाचा दाखला मी दिला, त्याच्या प्रस्तावनेतच म्हटलंय की हे सर्व ख्रिस्ती लोकांच्या सहभागितेची अट नसून फक्त सेवकांच्या एकतेचा पाया आहे. ते वाक्य मी त्या वेळी वाचून दाखवलं असतं तर पास्टर, मंडळीचे वडील आणि शिकवणाऱ्यांनी विश्वासाच्या निवेदनावर सही करावी, बाकीच्यांनी ते उपासनेत एकत्र म्हणावं, असा मधला मार्ग तेव्हाच निघाला असता. शिकवणाऱ्यावर बंधन हवंच. त्या उन्हाळ्यातल्या प्रचारकाला व्यासपीठ मिळालं, ते शिकवणाऱ्याला काही विचारायची पद्धतच नव्हती म्हणून.

११ जण तरीही गेले असते असं मला वाटतं, कारण त्यांचा मतभेद खरा होता. मात्र गायनातल्या चौघांना थांबवण्याआधी मत्तयच्या अठराव्या अध्यायाप्रमाणे एकट्याने जाऊन बोलणं, मग दोघा-तिघांना घेऊन जाणं, या पायऱ्या झाल्या असत्या तर कपाटाला दुसरं कुलूप लागलं नसतं. नवे पास्टर हे आता स्वतःहून कबूल करतात.

२०२४च्या वार्षिक सभेत दुरुस्ती मांडली गेली: सामान्य सभासदांसाठी विश्वासाच्या निवेदनावरची सही काढावी, त्याऐवजी बाप्तिस्म्याच्या वेळी आणि दर प्रभुभोजनाला ते उभं राहून म्हणावं. मांडली ती पास्टरांनीच. तीनचतुर्थांशाला नऊ मतं कमी पडली. विरोध करणाऱ्यांत सही करून राहिलेल्या आठांपैकी तिघे होते. सही करताना त्यांना घरच्यांशी तुटून यावं लागलं होतं, आणि आता तीच सही नको म्हटलं तर आपण कशासाठी ते सोसलं, हा त्यांचा सवाल आहे. त्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

दुरुस्ती पुन्हा मांडली जाणार आहे. सभासद नोंदवही सेक्रेटरी बहिणींकडे असते. गुरुजींच्या नावापुढे पहिल्या रकान्यात नियमावलीची सही आहे, दुसरा रकाना कोरा. त्या रकान्यात रेघ मारायची पद्धत आहे, तशी त्यांनी बाकीच्यांच्या नावापुढेही मारलेली नाही. पेन्सिलीने फक्त तारीख लिहून ठेवली आहे, पुढच्या सभेची.